हातमोजा नव्हे, दोन रांगा

नमस्कार मंडळी. चहाबिहा झाला असेल तर बसा जरा, आज एका इंग्रजी शब्दाच्या मागे लागायचंय. रन द गॉन्टलेट. पेपरात सारखं येतं बघा, अमुक खेळाडूला प्रेक्षकांच्या शिव्यांमधून जावं लागलं, तमुक पुढाऱ्याला निदर्शकांच्या गर्दीतून गाडीपर्यंत पोचावं लागलं, की तिथे हे गॉन्टलेट हजर.

आता गॉन्टलेट म्हणजे डिक्शनरीत काय, तर चिलखताचा लोखंडी हातमोजा. नोकरीला नवीन होतो तेव्हा घाईघाईत एका बातमीचं भाषांतर करताना मी 'मंत्र्यांना हातमोजा चालवावा लागला' असं लिहिलं होतं. सुदैवाने ते रेडिओवरून प्रसारित झालं नाही, पण साहेबांनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं आणि तेव्हा मला त्या शब्दाचा खरा अर्थ कळला.

तर हातमोजा नाही. पुन्हा सांगतो, हातमोजा नाही. मूळ शब्द स्वीडिश, गाटलोप. गाटा म्हणजे गल्ली आणि लोप म्हणजे धावणं. चुकलेल्या शिपायाला दोन रांगांच्या मधून पाठवायचं आणि दोन्हीकडच्यांनी छड्या मारायच्या, अशी सैन्यातली शिक्षा. १६१८ ते १६४८ युरोपात ते तीस वर्षांचं युद्ध चाललं ना, त्या काळात इंग्रजांनी तो शब्द उचलला, त्याचा गँटलोप केला, आणि पुढे ऐकायला सारखा म्हणून गॉन्टलेट करून टाकला. आपण इंग्रजी चुकलो की हसतात, आणि स्वतः बघा काय केलंय!

खरा हातमोजा दुसऱ्या वाक्प्रचारात आहे, थ्रो डाउन द गॉन्टलेट, म्हणजे आव्हान देणं. समोरच्याने तो उचलला की आव्हान स्वीकारलं. आपल्याकडे अफझलखानाने विजापूरच्या दरबारात विडा उचलला म्हणतो, तेच. विडा हा मोज्यापेक्षा कधीही चांगला, निदान खाता तरी येतो. (हल्ली लग्नात जेवणानंतर विडाच देत नाहीत, बडीशेपेची पुडी हातात कोंबतात, असो.)

तर मला सांगायची होती ती जॉन स्टार्कची गोष्ट. साल १७५२. अमेरिकेत आज जिथे न्यू हॅम्पशायर राज्य आहे तिकडे हा तेवीस वर्षांचा गडी भाऊ आणि दोन दोस्तांबरोबर बीव्हर नावाचे नदीकाठचे केसाळ प्राणी पकडायला गेला. कातड्याला चांगला भाव यायचा ना. तिथे अबेनाकी या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांनी त्याला पकडलं. एक दोस्त मारला गेला, भाऊ कसाबसा निसटला, आणि स्टार्क आणि ईस्टमन या दोघांना उत्तरेला कॅनडात सेंट फ्रान्सिस नावाच्या त्यांच्या गावी नेलं. तिथे समोर दोन रांगा. काठ्या घेऊन तरुण पोरं उभी, मधून जायचं. ईस्टमन आधी गेला आणि बिचाऱ्याने जबर मार खाल्ला. मग स्टार्कची पाळी. सांगतात की हा पळालाच नाही, हातात होता तो दांडा डावीकडे उजवीकडे असा फिरवत सुटला की मारणारेच बाजूला व्हायला लागले, आणि कडेला बसलेली म्हातारी मंडळी पोट धरून हसायला लागली, कारण फजिती त्यांच्याच पोरांची चालली होती!

पुढे ऐका. त्याला मक्याच्या शेतात खुरपणीला लावलं. तर याने तण ठेवलं आणि मका कापला. ओरडले तेव्हा अवजार नदीत फेकून दिलं, म्हणाला हे लढणाऱ्याचं काम नाही. (आमच्या आजीने ऐकलं असतं तर तिने त्याला तिसऱ्या रांगेतून काढला असता, खुरपणीला कमी लेखायचं म्हणजे काय!) पण त्या लोकांना तो इतका आवडला की त्याला घरातलाच करून घेतला. शेवटी दोघांना पैसे देऊन सोडवलं, आणि किंमत ऐका, ईस्टमनचे ६० डॉलर आणि स्टार्कचे १०३. मार खाल्लेला स्वस्त, मार दिलेला महाग. हाच स्टार्क पुढे १७७७ ला अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली बेनिंग्टनची लढाई जिंकून सेनानी म्हणून गाजला. न्यू हॅम्पशायरच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'स्वतंत्र जगा नाहीतर मरा' अशा अर्थाचं वाक्य असतं ना, बॉस्टनकडे ज्यांची पोरं आहेत त्यांनी फोटोत पाहिलं असेल, ते त्याचंच, १८०९ सालचं.

आणि हो, १७५९ मध्ये इंग्रजांच्या रेंजर्सनी, म्हणजे जंगलात लढणाऱ्या तुकडीने, त्याच सेंट फ्रान्सिसवर हल्ला केला. स्टार्क रेंजर्समधला, पण त्या हल्ल्यात तो नव्हता. ज्या घरचं मीठ खाल्लं तिथे कसा जाणार, असं सांगतात.

तर वापरायचं कसं? दोन्हीकडून मारा आणि मधून जाणं भाग, असं असेल तरच रन द गॉन्टलेट. एकटे साहेब केबिनमध्ये ओरडले तर ते नाही, त्याला आपलं धारेवर धरणं पुरे. आपण तर सगळं खातोच, मार खातो, बोलणी खातो, शिव्या खातो, आणि वर ते पचवतो.

काचेपलीकडून केव्हाची खूण होतेय, दोन मिनिटं जास्त घेतलीत मी. आता बाहेर पडायला एकच कॉरिडॉर आहे आणि दोन्ही बाजूंना आमचीच मंडळी उभी दिसताहेत. दांडाबिंडा काही नाहीये जवळ. येतो, नमस्कार.