आबाजीला खोटं काहून सांगता?

नमस्कार मंडळी.

आपल्या मंडळाच्या कार्यवाहांनी मला 'माझा कॉफीचा प्रवास' असा विषय दिला होता. टिपणंही काढली होती. पण गेल्या रविवारी घरात एक प्रश्न आला आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही.

संध्याकाळी गावी फोन लावला होता. आमचं गाव मोर्शी तालुक्यात. बाबांनी नेहमीसारखं विचारलं, "काय म्हनते कंपनी?" मीही नेहमीसारखं म्हटलं, "चांगली चालू आहे, बाबा." फोन ठेवला. माझी सात वर्षांची मुलगी बाजूला चित्र रंगवत होती. मान वर न करता म्हणाली, "पप्पा, आबाजीला खोटं काहून सांगता?"

काहून! मुलगी मेलबर्नमध्ये जन्मलेली. हा शब्द तिला आबाजींनीच फोनवरून दिलेला.

खरं काय ते सांगतो. अकरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं आणि नोकरी गेली. घर चालावं म्हणून कॅफेत लागलो. चार महिन्यांनी दुसऱ्या कंपनीचं बोलावणं आलं आणि मी गेलो नाही. पगार निम्म्यावर आला, तो भार बायकोनं उचलला. याला दोन वर्षं झाली. बाबांना अजून माहीत नाही.

पहाटे साडेपाचला ग्राइंडर लावायला घेतो. 18 ग्रॅम पूड, 36 ग्रॅम कॉफी, साधारण 28 सेकंद. लवकर उतरली तर आंबट, रेंगाळली तर कडू. हवा दमट झाली की कालचं माप आज चालत नाही. दूध 60 ते 65 अंशांवर थांबवायचं, 70 च्या पुढे गेलं की गोडवा गेला. हे शिकताना मला सारखी आमची संत्र्याची बाग दिसायची. आंबिया बहाराला, म्हणजे थंडी सरतानाच्या फुलोऱ्याला, डिसेंबरात पाणी तोडायचं, झाडाला ताण द्यायचा, जानेवारीत पाणी सोडायचं. ताण किती दिवस? बाबा कॅलेंडर पाहत नाहीत. पान बोटांत धरतात, माती मुठीत दाबतात. ताण कमी पडला तर फूल धरत नाही, जास्त झाला तर झाड खचतं. आणि कॉफीचंही तेच! चिकमगळूरच्या मळ्यांत कोरड्या दिवसांनंतर मार्च-एप्रिलची सर पडते आणि आठ-दहा दिवसांत झाडं पांढऱ्या फुलांनी भरून जातात. हे इथे कळलं त्या दिवशी मी घरी येऊन कितीतरी वेळ फोन हातात धरून बसलो होतो. लावला नाही.

कॉफी चाखून तिला 100 पैकी गुण देतात. 80 किंवा त्याहून जास्त मिळाले तरच ती स्पेशालिटी, म्हणजे वरच्या दर्जाची. पहिल्यांदा चाखायला बसलो तेव्हा इथिओपियाच्या एका कॉफीच्या वासाला बाकीचे नाव शोधत होते. मला शोधावं लागलं नाही. रात्रीच्या विजेच्या लाइनीवर ओलित करताना, फेब्रुवारीत, अंधारात बागेतून संत्र्याच्या फुलांचा येतो ना, तोच वास. त्या टेबलावर बाबा असते तर त्यांनी माझ्याआधी ओळखला असता. मला हे काम का आवडतं, हे ज्या माणसाला सगळ्यात लवकर समजेल, त्याच्याशीच मी खोटं बोलतो.

कॉफीचं झाड पहिल्यांदा पाहिलं ते चिखलदऱ्याला, शाळेच्या सहलीत. येताना एक पुडी आणली होती. आईनं ती दुधात उकळली, जायफळ किसून घातलं. बाबांनी बशीत ओतून प्यायली आणि म्हणाले, "चहा बरा."

मग भीती कसली? सांगतो. आमच्या फाट्यावर चहाची टपरी होती. टपरीवाल्याला सगळं गाव 'ए' म्हणून हाक मारायचं. मीही मारली, शाळकरी पोर असताना, त्या वयानं मोठ्या माणसाला. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. आता बाबांना पारावर कुणी म्हणेल, दोन एकर ओलिताचं वावर विकून पोराला शिकवलं, अन् तो तिकडे कॉफी विकून राहिला. त्यांची मान खाली जाईल. मला झोप लागत नाही ती या एका चित्रानं.

आणि मंडळी, रागावू नका, पण तो पार आपण इथेही बांधून आणलाय. गणपतीत मला दहा जणांनी विचारलं, "स्वतःचं कॅफे कधी काढताय?" मालक झालो तर चालेल, हातानं करतोय ते नाही चालत. महाप्रसादाचा स्वयंपाक ज्या ताई दरवर्षी करतात, त्यांना आपण स्टेजवर किती वेळा बोलावलं? आपली मुलं कोपऱ्यात बसून हे पाहतात. माझ्या मुलीनं पाहिलंच आहे. शाळेत ती अभिमानानं सांगते की माझे पप्पा कॉफी करतात. मंडळात कुणी विचारलं तर माझ्याकडे बघते.

तिच्या प्रश्नाला त्या दिवशी मी म्हटलं, मोठी झालीस की कळेल. ती पुन्हा चित्राकडे वळली. त्यानंतर तिनं विचारलेलं नाही, आणि तेच मला जास्त लागतंय.

कार्यवाह म्हणाले, भाषण संकेतस्थळावर घालू. गावातली पोरं मोबाईलवर सगळं वाचतात. मी म्हटलं, येत्या रविवारपर्यंत थांबा. रविवारी बाबांना फोन असतो.