पट्टा पाठीचा की पोटाचा?

(दृश्य : भुसावळ, मे महिन्यातली दुपार. दुकानाच्या पायरीवर पसरलेलं कातडं.)

चपला शिवणारे नाना अजून रापीला, म्हणजे कातडं कापायच्या हत्याराला, हात लावत नाहीत. आधी कातड्याचा कोपरा, गुळगुळीत बाजू आत घेऊन, दुमडतात आणि अंगठ्याने दाबतात. घडीत केसासारख्या बारीक सुरकुत्या आल्या तर मान डोलते. जाड, फुगीर सुरकुती उठली की तुकडा बाजूला.

“पोटाकडलं शे.”

एवढ्यात सगळं आलं. चामडं म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या तंतूंचं जाळं. पाठीवर ते घट्ट, पोटाकडे सैल. त्यामुळे ‘चामडं मजबूत आहे का’ हा प्रश्नच अर्धवट. एकाच जनावराचे दोन पट्टे. एक पायाला धरून राहतो, दुसरा पोळ्याच्या आत ताणून लोंबतो. म्हणून नाना पट्टा पाठीच्या कण्याला समांतर कापतात. त्या दिशेने चामडं कमी ताणलं जातं.

(दृश्य : प्रयोगशाळा. यंत्रात हलणारे तुकडे.)

हेच दुमडणं प्रयोगशाळेत फ्लेक्सोमीटर करतो. मिनिटाला 100 घड्या. एक लाख घड्यांना सोळा-सतरा तास लागतात. आकडा ऐकून दडपायला होतं खरं, पण एका पायाची रोजची 5,000 पावलं धरली तर हिशेब वीस दिवसांचा!

दुसऱ्या यंत्रात तुकडा कडेने आवळून मधोमध खालून गोळी दाबतात, वरचा थर तडकेपर्यंत. बुटाच्या वरच्या चामड्याने साधारण 7 मिलिमीटर उचल सोसावी, अशी अपेक्षा. फर्म्यावर, म्हणजे पावलाच्या आकाराच्या साच्यावर, चढवताना बोटांपाशी ते असंच ताणलं जातं. तिथेच तडकलं तर बूट गिऱ्हाइकापर्यंत पोचायच्या आधीच गेला.

चाचणीपूर्वी तुकडे 23 अंश तापमानाच्या, 50 टक्के दमटपणाच्या खोलीत ठेवतात. आमचा मे महिना त्या खोलीत कधी शिरत नाही. इथे पारा 45 अंशांवर, आणि ओल उडालेलं चामडं ताठरतं.

(दृश्य : स्टोव्हवर पातेलं, उकळतं पाणी.)

नाना कापून उरलेली चिंधी पाण्यात टाकतात. बाभळीच्या सालीत कमावलेली असेल तर आक्रसून वळते. क्रोमच्या क्षारांत कमावलेली जशीच्या तशी राहते. ही परीक्षा मजबुतीची नव्हे, कमावणी ओळखण्याची. बाभळीचं चामडं वळलं म्हणून वाईट ठरत नाही.

(दृश्य : एक तरुण तुटलेली सँडल पुढे करतो. पट्ट्यावर ‘जेन्युइन लेदर’.)

नाना तुटलेल्या टोकाला रापीची धार लावतात. वरची चकाकी दुधावरच्या सायीसारखी सोलून येते. खाली लव असलेला, फुसफुशीत थर.

“छापा खोटा नही शे, भाऊ. वरलं काढी लिधं, खालचं तुले दिधं.”

तरुण हसतो. नाना कागद पसरून त्याला पाय ठेवायला सांगतात.