शेजाऱ्यांच्या खिशातला कागद

पश्चिम बंगालमधल्या कूचबिहारचा एखादा जुना नकाशा बघा. सरहद्दीच्या दोन्ही अंगांना विखुरलेले ठिपके दिसतात, ते छिटमहाल. बांगलादेशाच्या पोटात भारताच्या जमिनीचे १११ तुकडे, भारताच्या पोटात बांगलादेशाचे ५१. काही तुकडे तर दुसऱ्याच्या तुकड्याच्याही आत. या ठिपक्यांमध्ये पन्नास हजारांवर माणसं राहत होती. गावाची वेस ओलांडली की परका देश सुरू व्हायचा, आणि बाजारात मीठ-तेल आणायला जाणंसुद्धा कायद्याने घुसखोरी ठरायची. चोरी झाली तर फिर्याद नोंदवायला हक्काचं पोलीस ठाणं नव्हतं.

दिनहाट्याजवळचं मशालडांगा त्यातलंच एक. कागदोपत्री बांगलादेशाचं, पण चहूबाजूंनी भारत. इथे पोराला शाळेत घालायचं तर बाहेरच्या एखाद्या ओळखीच्या भारतीय माणसाला गळ घालावी लागे. शाळेत वडील म्हणून त्याचं नाव लागायचं. पोरगं रोज संध्याकाळी बापाच्या पानाशेजारी बसून जेवायचं, आणि हजेरीपटावर मात्र दुसऱ्याच कुणाचा तरी मुलगा असायचं. बाळंतपणासाठी सरकारी दवाखान्यात गेलेल्या बाईला नवऱ्याच्या जागी तिसऱ्याच माणसाचं नाव सांगावं लागे. खरं सांगितलं तर दार बंद होण्याची भीती, अटकेची भीती. व्यक्तिस्वातंत्र्यावर आपण भाषणस्वातंत्र्यापासून बोलायला सुरुवात करतो. मशालडांग्यातल्या पोराचं अडलं होतं ते त्याच्याही कितीतरी अलीकडे.

इंदिरा गांधी आणि बांगलादेशाचे शेख मुजीबुर रहमान यांनी या तुकड्यांच्या अदलाबदलीचा करार १९७४ सालीच केला होता. प्रत्यक्ष अदलाबदल झाली ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री. मधली ४१ वर्षं फायली इकडून तिकडे फिरल्या, आणि तेवढ्यात दोन पिढ्या खोट्या नावांनी शिकल्या. अदलाबदलीच्या वेळी प्रत्येकाला विचारलं गेलं, तुम्हाला कुठला देश हवा? बांगलादेशातल्या भारतीय छिटमहालांमधून नऊशेहून अधिक माणसं भारतात आली. भारतातल्या बांगलादेशी छिटमहालांमधून तिकडे एकही जण गेला नाही. बहुतेकांनी घर आणि शेत जिथे होतं, तोच देश निवडला. पण त्यांना कुणीतरी विचारलं, हीच या सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

आता नेपाळ. तिथे सोळा वर्षं पूर्ण झाली की नागरिकत्वाचं प्रमाणपत्र काढतात. त्याच्याशिवाय पासपोर्ट नाही, बँकेत खातं नाही, स्वतःच्या नावावर सिमकार्डसुद्धा नाही. वडील नेपाळी असतील तर काम सरळ होतं. एकट्या आईच्या नावावर प्रमाणपत्र हवं असेल तर वडिलांचा पत्ता लागत नाही, असं लेखी जाहीर करावं लागतं. टाकून गेलेल्या नवऱ्याचा हिशेब बाईने सरकारी टेबलापुढे उभं राहून द्यायचा! २०१५ ची राज्यघटना आई किंवा वडील, दोघांपैकी कुणाच्याही वंशाने नागरिकत्व मान्य करते, पण आईच्या बाबतीत या अटी चिकटवून. २०२३ च्या दुरुस्तीने अनेकांची वाट मोकळी झाली, तरी ते जाहीर करणं काही सुटलं नाही. याच देशात फेब्रुवारी २०२१ मध्ये चाळिशीच्या आतल्या बाईने आखाती देशांत किंवा आफ्रिकेत पहिल्यांदा जाताना घरच्यांचं आणि वॉर्ड कार्यालयाचं संमतीपत्र आणावं, असा प्रस्ताव पुढे आला. काठमांडूत बायका रस्त्यावर उतरल्या आणि तो प्रस्ताव मागे पडला. त्याच देशाने तृतीयपंथीयांना नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर वेगळा रकाना दिला, तोही आपल्या आजूबाजूच्या बऱ्याच देशांच्या आधी. हेही सांगायलाच हवं.

ढाक्यात, मोहम्मदपूरच्या जिनिव्हा कॅम्पमधले उर्दूभाषक, म्हणजे फाळणीनंतर बिहारकडून तिकडे गेलेल्यांची कुटुंबं, १९७१ मध्ये बांगलादेश झाल्यापासून कुठल्याच देशाची नव्हती. २००८ साली तिथल्या उच्च न्यायालयाच्या निकालाने ते मतदार झाले. खोल्या मात्र अजून तेवढ्याच, एकेका खोलीत अख्खं कुटुंब.

आणि भूतान. आनंदी देश म्हणून आपल्याकडे त्याचं केवढं कौतुक! १९८८ च्या जनगणनेत दक्षिणेतल्या नेपाळीभाषक शेतकऱ्यांकडे तीस वर्षांपूर्वीची, नेमकी १९५८ सालची शेतसाऱ्याची पावती मागितली गेली. तीस पावसाळे एक कागद जपून ठेवणं शेतकऱ्याच्या घरात किती अवघड असतं, ते मुद्दाम सांगायला नको. पावती दाखवता न आलेले परके ठरले. पुढच्या काही वर्षांत एक लाखाच्या आसपास माणसं भारतातून जात पूर्व नेपाळमधल्या झापा आणि मोरंगच्या छावण्यांत पोहोचली. २००७ पासून त्यांतल्या बहुतेकांना अमेरिकेसह इतर देशांनी सामावून घेतलं. त्यांतल्याच काही जणांना मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने भूतानला परत पाठवलं. भूतानने त्यांना ठेवून घेतलं नाही, भारताच्या सीमेवर आणून सोडलं. तिथून ते नेपाळमध्ये शिरले, आणि नेपाळच्या पोलिसांनी त्यांतल्या काहींना बेकायदा प्रवेश केल्याबद्दल ताब्यात घेतलं.