फळीवर फळी : गोकस्टाडचे जहाज

१८८० साली नॉर्वेतील सांडेफ्योर्डजवळ, गोकस्टाड येथील दफनटेकाड पुरातत्त्वज्ञ निकोलाय निकोलायसेन यांनी खणले, तेव्हा चिकणमातीने जवळजवळ हजार वर्षे सांभाळलेले, वायकिंग या जुन्या स्कँडिनेव्हियन दर्यावर्दींचे ओक लाकडाचे जहाज उजेडात आले. सुमारे २३ मीटर लांबीच्या या जहाजाला प्रत्येक बाजूस सोळा फळ्या आहेत, आणि कौलारू छपरावर वरचे कौल खालच्या कौलाची कड झाकते, तशी इथली वरची फळी खालच्या फळीवर चढलेली आहे. सांध्यात डांबर लावलेले जनावरांचे केस भरून फळ्या लोखंडी रिव्हेटांनी जखडल्या आहेत.

अशा बांधणीत आधी फळ्या चढत आणि फासळ्या, म्हणजे आतले वळणदार आडवे आधार, मागाहून बसत. त्यामुळे नावेचा आकार सुताराच्या नजरेतून, एकेका फळीच्या वळणातून घडत जाई. ओकचे ओंडके करवतीने न कापता पाचरी ठोकून उभे फोडले जात व कुऱ्हाडीने तासले जात. लाकडाचे तंतू अखंड राहिल्याने बारीक फळीही चिवट होई. गोकस्टाडच्या पाण्याखालच्या फळ्या जेमतेम अडीच सेंटीमीटर जाडीच्या असून त्या फासळ्यांना खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, बंधांनी बांधलेल्या आहेत.

या लवचिकपणाची खरी परीक्षा १८९३ साली झाली. नॉर्वेजियन कप्तान मॅग्नस अँडरसन यांनी याच जहाजाच्या नमुन्यावर बांधलेले ‘वायकिंग’ नावाचे जहाज नॉर्वेतील बर्गेनहून अटलांटिक ओलांडून शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी अमेरिकेला नेले. लाटांच्या माऱ्यात जहाजाची वरची कड सहा इंचांपर्यंत पिळली जात होती, तरीही ते गळले नाही, असे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. माझ्या मते या बांधणीचे सौंदर्य या गुणापासून वेगळे काढता येत नाही, कारण नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत धावणारी, प्रत्येक फळीखालची सावलीची जी रेघ डोळ्यांना भुरळ घालते, तीच फळ्यांची दुहेरी जाडी असलेली मजबुतीची जागा आहे.

पुढे जहाजे अवजड झाली आणि त्यांच्या कुशीत तोफांसाठी झरोके पाडावे लागले, तेव्हा आधी सांगाडा उभारून कडेला कड भिडवलेल्या फळ्यांची गुळगुळीत बांधणी सरस ठरली. लहान नावांनी मात्र जुनी रीत सोडली नाही. डेन्मार्क, फिनलंड, आइसलँड, नॉर्वे आणि स्वीडन या पाच देशांच्या या परंपरेचा युनेस्कोने २०२१ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला असून, डेन्मार्कमधील रोस्किल्डच्या वायकिंग जहाज संग्रहालयात कारागीर आजही कुऱ्हाडीने फळ्या तासतात.