जुन्या ट्यूबची साक्ष

नमस्कार श्रोतेहो. मोटरसायकल पंक्चर झाली की आधी बघावं मागचं चाक. बहुतेक वेळा तेच बसलेलं असतं. रस्त्यावर खिळा आडवा पडलेला असतो. पुढचं चाक त्याच्यावरून जाताना त्याला उडवतं, उभा करतं, आणि तो नेमका मागच्या चाकात घुसतो. केलं एकानं, भोगलं दुसऱ्यानं. त्यात मागं बसणाऱ्याचं वजन मागच्याच टायरवर, आणि इंजिनाचा सगळा जोर रस्त्यापर्यंत पोचवायचा तोही त्यानंच. म्हणून तो लवकर झिजतो, आणि मधोमध झिजतो. त्याची गोल पाठ सपाट होते. सरळ रस्त्यावर हे कळत नाही. वळणावर गाडी झुकवली की ती एकदम पडल्यासारखी कलते, तेव्हा कळतं. नक्षीच्या खोबणीत तळाशी बारके उंचवटे असतात. रबर झिजत त्यांच्या पातळीला आलं की त्या टायरचे दिवस भरले.

आता नवा घ्यायचा. जुन्याच्या बाजूला कोरलेले आकडे वाचा. समजा, तिथं 100/90-17 आणि पुढं 55 पी असं आहे. 100 म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. 90 म्हणजे उंची, पण ती रुंदीच्या टक्क्यांत. इथं 90 मिलिमीटर. 17 हा रिमचा व्यास, आणि तो मात्र इंचांत! एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. हा हिशेब कुणाच्या डोक्यातून निघाला असेल, याचं मला अजून नवल वाटतं. 55 हा टायर पेलू शकेल त्या वजनाचा सांकेतिक आकडा आहे. 55 किलो नव्हे बरं का, 218 किलो. आणि पी म्हणजे ताशी 150 किलोमीटरपर्यंतचा वेग. नव्या टायरवरचा वजनाचा आकडा आणि वेगाचं अक्षर गाडीच्या पुस्तिकेत दिलंय त्याहून खालचं नको.

जाड टायरचा मोह अनेकांना होतो. गाडी भारदस्त दिसते, हे खरं. पण अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, पाठीचा आकार बिघडतो, गाडी वळायला जड होते आणि कधीकधी टायर चेनच्या कव्हरला घासतो. माझं मत विचाराल तर कंपनीनं दिलेलं माप सोडू नका.

दुकानात आणखी दोन गोष्टी बघा. बाजूवर चार आकड्यांची तारीख असते. 1424 म्हणजे 2024 सालचा चौदावा आठवडा. नवाकोरा दिसणारा टायर किती वर्षं पडून आहे, ते तिथं उघड होतं. दुसरा, बाण. चाक ज्या दिशेनं फिरणार, त्या दिशेला तो हवा.

टायर नवा, मग ट्यूब? ती नवीच घ्या, आणि इथं काटकसर करू नका. वापरलेली ट्यूब ताणून थोडी वाढलेली असते. नव्या टायरमध्ये ती नीट पसरत नाही, घडी पडते, घडीवर घडी घासते आणि तिथंच चीर जाते. म्हणून मोठ्या मापाची ट्यूब कोंबणंही चूक. लहान ट्यूब फुगवून भागवावं, तर ती ताणून पातळ होते, आणि पातळ रबराला खिळा लागला की भोक पडून थांबत नाही, फाटत जातं. ट्यूबवर कोणत्या मापांना चालते ते छापलेलं असतं. आपलं माप त्यात हवं. ब्यूटिल रबराची मिळाली तर उत्तम, साध्या रबरापेक्षा तिच्यातून हवा फार हळू झिरपते.

चाक काढण्याबद्दल फार बोलत नाही. चेन ताणायच्या खुणा दोन्ही बाजूंना कितीवर आहेत ते लिहून ठेवा, एक्सलवरचे वायसर आणि नळ्या ज्या क्रमानं निघाल्या त्याच क्रमानं मांडा. डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना ब्रेकच्या पायपट्टीला हात लावू नका.

टायर उतरवण्याआधी मात्र एक करा. व्हॉल्व्ह जिथं आहे, तिथं टायरवर खडूनं खूण करा. कारण जुनी ट्यूब फेकायची असली तरी तिची साक्ष काढायची आहे. तिच्यात हवा भरा, भोक शोधा. बाहेरच्या अंगाला एकच भोक असेल, तर खुणेवरून अंतर मोजून टायरची तीच जागा गाठा. तुमचा गुन्हेगार तिथं अजून दडलेला असू शकतो. टायर तोच राहणार असेल तर आतून फडका फिरवा. उघडी बोटं नको, काटा बोटातच जाईल. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर खिळा नव्हेच. हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटली. भोक आतल्या, रिमच्या अंगाला असेल तर स्पोकची टोकं झाकणारी रबरी पट्टी सरकली किंवा फाटली आहे. ती बदलल्याशिवाय नवी ट्यूब घालणं म्हणजे तिला शिक्षाच. आणि व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटली असेल, तर कमी हवेमुळे टायर रिमवर सरकत होता आणि ट्यूबला ओढत होता.

बसवताना ताकद लागत असेल तर काहीतरी चुकतंय. रिमच्या मध्यभागी खोलगट पन्हळ असते. टायरची एक कड त्या पन्हळीत दाबून बसवली, की समोरच्या बाजूला तेवढी ढील मिळते. टायरच्या कडेत तार आहे, ती ताणत नाही. जागा मिळते ती याच युक्तीनं. कडेला साबणाचं पाणी लावा, ट्यूबला शंखजिऱ्याची पूड चोळा, तिच्यात आकार येईल इतपतच हवा भरा. सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरून, शेवट व्हॉल्व्हपाशी. तिथं व्हॉल्व्ह थोडा आत ढकला, म्हणजे ट्यूब कडेखाली सापडत नाही. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा शेवटच्या चार बोटांसाठी लिव्हर, म्हणजे टायर रिमवर चढवायची लोखंडी पट्टी, जोरात उचलला. टायर टपकन बसला. मी खूश. हवा भरली, तर फुस्स. कोऱ्या ट्यूबला लिव्हरनं चावा घेतला होता.

हवा पूर्ण भरा, एकदा सगळी सोडा, पुन्हा भरा. त्यानं ट्यूबच्या सुरकुत्या निघतात. टायरवर रिमलगत एक बारीक रेषा असते, ती चाकभर सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. व्हॉल्व्हचा नट रिमला करकचून आवळू नका. सैल ठेवलात तर टायर सरकू लागल्यावर व्हॉल्व्ह तिरका होऊन तुम्हाला आधी सांगतो.

नवा टायर सुरुवातीला घसरडा असतो. पहिले शंभरेक किलोमीटर ब्रेक आणि वळण दोन्ही जपून. दुसऱ्या दिवशी गाडी काढण्याआधी, टायर थंड असताना हवा मोजा. कमी भरली, तर व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावून बघा. बुडबुडा आला तर आतली पिन घट्ट करा. नाही आला, तर तुमच्या लिव्हरला विचारा.