बेत कोणी बदलला?

श्रोतेहो, नमस्कार.

गावात आरोग्याची योजना आली की सभा भरते, नारळ फुटतो, रजिस्टरवर सह्या-अंगठे होतात आणि अहवालात ‘लोकसहभाग’ अशी नोंद पडते. मी मात्र एकच गोष्ट विचारतो: गावाच्या सांगण्यावरून डॉक्टरांच्या बेतात काही बदललं का?

जामखेडला बदललं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली तिथे गेले, आणि पाठोपाठ दुष्काळ पडला. औषधं राहू द्या, आधी पाणी आणि पोराबाळांच्या पोटाला काहीतरी द्या, असं लोकांचं म्हणणं. मग दवाखान्याच्या माणसांनी बोअर घेतल्या आणि हातपंप दलित वस्तीजवळ येतील हेही पाहिलं. पाणी हवं असेल तर वरच्या आळीनं तिथवर चालत यायचं! पुढे गावांनी आपल्यातल्याच बायका आरोग्यसेविका म्हणून निवडल्या. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. त्या जामखेडला येऊन शिकायच्या आणि गावात बाळंतपणं, मुलांची वजनं, लसीकरण सांभाळायच्या.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं काम १९८६ पासूनचं. मोठ्या इमारतीच्या इस्पितळात आदिवासींना परकं वाटायचं. म्हणून शोधग्रामचा, म्हणजे बंग यांच्या संस्थेच्या वसाहतीतला, दवाखाना पाड्यासारख्या झोपड्यांचा झाला आणि त्याला नाव मिळालं आदिवासींच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं.

तिथलं एक साधन मला फार आवडतं. बाळाला न्यूमोनिया आहे का, हे ओळखायला मिनिटभरात त्याचे श्वास मोजावे लागतात. पण साठपर्यंत मोजता न येणाऱ्या सुईणीनं काय करायचं? तिच्यासाठी मण्यांची पाटी केली, सोबत एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली, तर बाळाला न्यूमोनिया समजायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी आणि मोठ्या मुलासाठी मण्यांच्या ओळी वेगळ्या. पुढे तिथल्या ३९ गावांत शिकलेल्या आरोग्यदूत घरोघरी जाऊन नवजात बाळांना तपासू लागल्या. तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू, कार्यक्रम नसलेल्या गावांच्या तुलनेत, ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं.

आता सरकारी बाजू. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानानं आशाताई दिल्या, गावपातळीवर आरोग्य समिती दिली आणि तिच्या हाती वर्षाला १०,००० रुपयांपर्यंतचा अबंधित निधी दिला, म्हणजे कशावर खर्च करायचा ते समितीनंच ठरवायचं. समित्या पुष्कळ ठिकाणी कागदावरच राहिल्या, हे ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊक असेल. तरी २००७ पासून पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि तेव्हाचं उस्मानाबाद या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनीच आरोग्य केंद्राचं प्रगतिपत्रक भरायचं: चांगल्याला हिरवा, जेमतेमला पिवळा, वाईटाला लाल. मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर उभं राहून विचारायचं, औषध बाहेरून आणायची चिठ्ठी का दिली? नर्सबाई ठरल्या दिवशी का आल्या नाहीत? अशा प्रश्नांनी अधिकारी अवघडतात, आणि अवघडावंच त्यांनी.

जाब विचारताना आशाताईंना मात्र या अधिकाऱ्यांच्या रांगेत धरू नका. कामं वाढतच जातात, मानधनासाठी त्यांना रस्त्यावर उतरावं लागतं, आणि गावाचा राग निघतो तोही त्यांच्यावरच.

तुमच्या गावच्या समितीत कोण कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, निधी कशावर गेला? येत्या ग्रामसभेत विचारा. हिशोबाची वही तिथेच मागा.

नमस्कार.