चर्चेत बोलणारे आणि पास होणारे

नमस्कार श्रोतेहो. घरात कोणी कॉलेजात असेल, तर ‘स्वयम्’ हे नाव तुमच्या कानावर आलंच असेल. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या या ऑनलाइन शिक्षणाच्या सोयीत अभ्यासक्रमाचे चार भाग असतात: व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वतःला तपासायचे प्रश्न आणि शंका मांडायला चर्चेची जागा. पहिले तीन पोरं कशीबशी उरकतात. चौथ्यात तोंड उघडायचं म्हटलं, की अनेकांच्या जिवावर येतं.

तिथे बोलल्याने मार्कांत काही फरक पडतो का?

मार्च २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने सर्किट्स आणि इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यासक्रम इंटरनेटवर सर्वांना फुकट खुला केला. शिकवणाऱ्यांत होते अनंत अगरवाल, आपल्या मद्रास आयआयटीचे माजी विद्यार्थी. जगभरातून सुमारे १ लाख ५५ हजार जणांनी नाव नोंदवलं, प्रमाणपत्र मिळालं ७ हजारांवर लोकांना. पुढे संशोधकांनी नोंदी तपासल्या. एकूण विद्यार्थ्यांत चर्चेत भाग घेणारे जेमतेम ३ टक्के, पण प्रमाणपत्र मिळवणाऱ्यांत ५२ टक्के!

आता लगेच पोराच्या मागे लागू नका. नाव नोंदवून पुन्हा न फिरकलेलेही त्या ३ टक्क्यांच्या हिशेबात आहेत. ते बोलणार कधी? शिवाय चर्चेमुळे अभ्यास सुधारला, की अभ्यासू होते म्हणून चर्चेत आले, हे या आकड्यांवरून ठरत नाही.

मला त्यातला दुसराच आकडा मोलाचा वाटतो. प्रमाणपत्र मिळवलेल्यांपैकी प्रश्न विचारणारे होते सुमारे २८ टक्के, आणि दुसऱ्याच्या प्रश्नाला उत्तर देणारे सुमारे ४१ टक्के. सर्किटचं गणित आपल्याला येतं असं वाटत असतं. पण इथे अधिक का आणि तिथे उणे का, हे दुसऱ्याला लिहून सांगायला बसलं की गाडी अडते. मग मुकाट्याने पुस्तक उघडावं लागतं. फायदा होत असेल, तर तो इथे होत असावा.

आणि गप्प बसणारे? त्या चर्चेतली ९० टक्क्यांहून जास्त वर्दळ नुसती वाचणाऱ्यांची होती. गृहपाठात अडलं, की लोक तिथे डोकावत. प्रमाणपत्र मिळालेल्यांतही जवळपास निम्म्यांनी एक ओळ लिहिली नव्हती.

म्हणूनच ‘दर आठवड्याला दोन प्रतिक्रिया सक्तीच्या, त्याला पाच मार्क’ हा प्रकार मला पटत नाही. त्यातून ‘छान माहिती सर’ आणि ‘सहमत’ यांचा पाऊस पडतो, आणि खरी शंका त्यात वाहून जाते.

शिक्षकांना मात्र एक सुचवेन. एखाद्या मुलीने शंका विचारली, तर तुमचं उत्तर लगेच टाकू नका. एक दिवस थांबा. वर्गातल्या कोणाला तरी चुकतमाकत लिहू द्या, दुसऱ्या कोणाला ते दुरुस्त करू द्या. दुसऱ्या दिवशीही कोणी पुढे आलं नाही, तर मग तुम्ही आहातच. नमस्कार.